पुढची सीट

आमच्या भाऊजींच्या घरात राणी एकच, आणि ती गॅरेजमध्ये राहायची. लांब नाकाची, गडद हिरवी, जुनी गाडी. लग्नाच्याही आधीची. तिला ते 'राणी' म्हणायचे आणि माझ्या धाकट्या बहिणीला 'अगं'. यावरून मी त्यांना तोंडावर चिडवायची, तेही हसायचे. आता ते आठवलं की नुसता संताप येतो.

माझं सीट शिवायचं दुकान आहे. मोटारींच्या सीट, सोफे, दवाखान्यातली बाकं, काय येईल ते. भाऊजी एका सकाळी दुकानात आले तेव्हा मला वाटलं, चिमीबद्दल काहीतरी वाईट सांगायला आलेत. चिमी म्हणजे माझी बहीण. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि तिला घरी पाठवलं होतं. भाऊजी उभ्या उभ्याच म्हणाले, "ताई, राणीची पुढची सीट मऊ करून द्याल?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, बायको अंथरुणाला खिळलीय आणि तुम्हाला सीटचं पडलंय?"

"तिलाच बसायचंय," ते खाली बघत म्हणाले. "माझ्या शेजारी. पुलापर्यंत जाऊन येऊ म्हणते. पण चामडं फार कडक झालंय हो. टोचेल तिला."

मी कात्री खाली ठेवली आणि पिशवी भरायला घेतली.

पुढे बसण्याचं हे प्रकरण जुनं. लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत चिमीच्या केसांचं तेल सीटच्या पाठीला लागलं. भाऊजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. त्यांनी जाड प्लास्टिक आणून तिच्या बाजूची सीट गच्च गुंडाळली आणि म्हणाले, "अगं, तू मागे बस, तिथे चादर घातलीय." चिमी म्हणाली, "मागे टाकायला मी काय सामान आहे?" आणि कानाला खडा लावला. त्यानंतर बाजार, दवाखाना, माझ्या घरी येणं, सगळं बसने. रविवारी भाऊजी आणि राणी दोघंच फिरून यायची. चिमी खिडकीतून बघायची, आणि मी विचारलं तर म्हणायची, "जाऊ दे गं, सवत तरी पेट्रोलच पिते."

गॅरेजमध्ये मी ते प्लास्टिक सुरीने कापलं तेव्हा आतून कोंदट वास आला. वर पांढरी बुरशी, खाली चामडं वाळून फळीसारखं. बोटाने वाजवलं तर टकटक आवाज. भेगांच्या कडा वर वळलेल्या. चिमीच्या पाठीची कातडी आता अशी झाली होती की चादरीची घडीसुद्धा तिला सोसत नव्हती.

"जपून ठेवलं होतं हो मी," भाऊजी म्हणाले.

"जपून? गळा दाबलात तुम्ही हिचा! चामड्याला वारा लागतो, माणसाचा हात लागतो. रोज कुणी बसलं असतं ना, तर आज लोण्यासारखी असती ही सीट. ज्या डागाला घाबरलात तेवढीच जागा बघा."

त्यांनी बघितलं. पाठीच्या वरच्या बाजूला तो जुना काळा डाग होता, आणि सबंध सीटमध्ये तेवढाच तळहाताएवढा तुकडा अजून मऊ होता. भाऊजींनी त्यावर अंगठा फिरवला.

मी कामाला लागले. आधी सीटच्या पोटाखाली, जिथे दिसत नाही तिथे, तेल लावून पाहिलं, चामडं धरतंय की भुगा होतंय ते. धरत होतं. मग बुरशी पुसली, साबणाचा नुसता फेस घेऊन मऊ ब्रशने शिवणी साफ केल्या, सावलीत वाळू दिलं. भेगांच्या मागून कापड चिकटवलं. मग कोमट तेल-मेणाचं मलम, तळहाताने, पातळ पातळ. एक हात द्यायचा, जिरू द्यायचा, पुन्हा द्यायचा. घाई करून ऊन दाखवलं किंवा गरम हवा मारली की चामडं आक्रसतं आणि तडकतं. म्हातारं माणूस जसं हळूहळू उठवतात तसं ते उठवावं लागतं.

चिमी गॅरेजच्या दारात खुर्चीवर शाल घेऊन बसायची. मी चोळायची, ती बघायची.

"ताई, माझ्या पाठीला पण लाव गं ते थोडं."

"गप्प बस. तुला सोलून काढलं तरी चार बोटं चामडं मिळायचं नाही."

ती हसली की खोकला यायचा, म्हणून मी विनोद कमी केले.

सीट मऊ व्हायला लागली. दाबली की दबायची, सोडली की हळूच वर यायची. शेवटचा हात देऊन मी हात पुसत होते तेवढ्यात चिमी खुर्चीतून उठली. अंगावर ठेवणीतली निळी साडी. भिंत धरून, गाडी धरून, ती पुढच्या दारापर्यंत आली.

"चला," भाऊजींना म्हणाली.

भाऊजी गडबडले. "अगं, आज नको. अजून ओलं आहे. ओल्या चामड्यावर बसलं की बसणाऱ्याचा ठसा राहतो. कायमचा. विचार ताईंना. परवा जाऊ, परवा."

"परवा कुणाचा? तुमचा की माझा?"

भाऊजी वळले आणि कोपऱ्यातलं ते कापलेलं प्लास्टिक उचलायला गेले. देवाशप्पथ सांगते, प्लास्टिक! मी ते त्यांच्या हातातून हिसकावलं आणि अंगणात भिरकावलं.

"ठसा राहील ना, ताई?" ते रडकुंडीला येऊन म्हणाले.

"राहील! राहू द्या की! बायकोचाच आहे ना?"

चिमी तोवर बसलीसुद्धा होती. तिने पाठ टेकवली, मग डोक्यावरचा रुमाल काढला आणि टक्कल त्या जुन्या डागावर ठेवलं. "घाबरू नका हो," म्हणाली. "आता केसच नाहीत, डाग कसला पडायचा?"

भाऊजींनी गाडी सुरू केली. मी मागे चादरीवर बसले. गचका बसू नये म्हणून ते इतके हळू चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते. चिमीने काच खाली करायला लावली. पुलावर गाडी थांबवली तेव्हा तिने हाताने सीट दाबून बघितली आणि म्हणाली, "मऊ आहे हो. चांगली आहे तुमची राणी." तेवढंच. भाऊजींनी स्टिअरिंगवरचा हात काढून तिच्या हातावर ठेवला. निळ्या साडीला मागून तेलाचे डाग पडले होते. परत आल्यावर मी ती धुवायला घेतली, तर चिमी नको म्हणाली.

त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही. गेली.

सगळे पाहुणे पांगल्यावर भाऊजींनी मला बोलावून घेतलं. गॅरेजचं दार सताड उघडं, राणीचंही. भाऊजी गुडघ्यांवर बसून सीटच्या पातळीला डोळे नेऊन बघत होते. हातात टॉर्च. दिवसाढवळ्या टॉर्च. सीटवर आडवा उजेड पाडत होते, इकडून, मग तिकडून.

"ताई, ठसा राहतो ना?"

मी वाकून बघितलं. चामडं तेल छान जिरवून बसलं होतं, तुकतुकीत. शिवणी सरळ. कुठे खळगा नाही, कुठे साधी सुरकुती नाही. मी हात फिरवला, दोनदा फिरवला. माझ्या आयुष्यात माझं काम इतकं चांगलं झालेलं बघून मला कधी रडू आलं नव्हतं.

"तुम्ही म्हणाला होतात, राहील," भाऊजी म्हणाले. "मीही म्हणालो होतो. ओलं होतं ना ते? चांगलं ओलं होतं. मग कुठे गेला?"

त्यांना चार शब्द सुनवायचे म्हणून मी किती दिवस मनात साठवून ठेवले होते. त्यातला एकही आठवेना.

"ठसा पडायला वजन लागतं, भाऊजी," मी म्हणाले. "ते तिच्यात उरलं होतं कुठे?"

त्यांनी टॉर्च विझवला नाही. सीटवर गाल टेकवला आणि हाताने चाचपडत राहिले.