दुपारी एकची सकाळ

दगड खाली टाका आधी. अवेळी आरवलो म्हणून रागावू नका. बोलतोय तो मी, तोंडवलीच्या शेवंतीचा कोंबडा. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय आणि कोण कुणाशी बोलत नाही, हे अंगणात फिरणाऱ्याला न विचारता कळतं. पण आज सांगायचंय ते माझंच.

मी पिल्लू होतो तेव्हा शेवंतीच्या मुलीचा, सृष्टीचा, आयर्लंडला शिकायला जायचा व्हिसा आला. शेवंती माडाखालच्या राखणदार देवाकडे गेली, नारळ ठेवला आणि हात जोडले, "बा देवा, माझ्या चेडवाक शिकान-सवरान सुखरूप घराक येवंदे. तुका एक कोंबो देतंय." घरी येऊन तिने माझ्या पायाला लाल दोरा बांधला. झालं! पाहुणे आले, वड्यांचं पीठ मळलं गेलं, पण माझ्याकडे कुणी वाकडं बघितलं नाही. मी देवाचा होतो. सृष्टी परत येईपर्यंत माझं आयुष्य पक्कं.

पोरगी गेली आणि घर गप्प झालं. शेवंतीचा नवरा सत्यवान होडीवरून आला की जेवून निजायचा. शेवंती मात्र जेवल्यावर फोन घेऊन अंगणात बसायची. आपल्याकडे दुपारचा एक वाजतो तेव्हा तिकडे सृष्टीची उठायची वेळ. पण हिवाळ्यात तिथे सकाळीसुद्धा काळोख असतो म्हणे. कोंबड्याला हे ऐकूनच कसंतरी होतं.

एकदा फोनवर सृष्टीचा रडवेला आवाज आला, "आये, माका हंय नको. उठतंय तर काळोख, कॉलेजातून येतंय तर काळोख. मी परत येतंय."

शेवंतीने फोन दोन्ही हातांत धरला. नुसतं "गो बाय, गो बाय" करत राहिली.

खरं सांगतो, मी दोन्हीकडून अडकलो. ती आली तर मी गेलो. आणि ती तिथे रडतेय, तेही बघवेना. काळोखाला आमच्या जातीकडे एकच औषध. उडी मारून पायरीवर चढलो आणि मान ताणून आरवलो.

फोनमधलं रडणं थांबलं. "आये, तो अजून जितो आसा?"

"असतलोच! तू येयसर तेका कोण हात लावता?"

"मगे मी येवचंय नाय इतक्यात!" आणि पोरगी नाक ओढत हसली.

त्या दिवसापासून एक वाजला की मी आरवायचो. शेजारच्या कृष्णाबाईची झोप मोडायची. ती कुंपणावरून ओरडायची, "शेवंते, ह्या मेल्याची मान मुरगळ गो! अवेळी आरवता, बरा न्हय ता."

"तेची येळ चुकणा नाय गो," शेवंती म्हणायची. "तिकडे सकाळ झाली."

शिक्षण संपवून सृष्टी आली. उंबऱ्यात बॅग टाकून तिने आधी मला उचललं. माझ्या पायाचा दोरा फिका पडलेला. दुसऱ्या दिवशी शेवंती मला काखोटीला मारून राखणदाराकडे निघाली, दुसऱ्या हातात कोयती. सृष्टी मागून चालत होती.

माडाखाली पोचल्यावर सृष्टी म्हणाली, "आये, देवाक तू काय बोललंस? कापतंय, का देतंय?"

शेवंती थबकली. "देतंय."

"मगे दी. कापूक तेणा खंय सांगल्यान?"

शेवंतीने देवाच्या दगडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग कोयतीने फक्त पायाचा दोरा कापला. "देवा, तुझो कोंबो तुका. संभाळ."

आता मी इथेच, राखणदारापाशी असतो. शेपटीची पिसं गळाली, एका डोळ्याने अंधुक दिसतं. सृष्टी नोकरीसाठी पुन्हा तिकडे गेली. शेवंती रोज इथे दिवा लावायला येते. कृष्णाबाई वाटेत विचारते, "भर दुपारी कसलो गो दिवो?" शेवंती नुसती हसते आणि पदराखालचा फोन घट्ट धरते.

तर बाबांनो, दगड तिथेच राहू द्या. कोंबडा अवेळी आरवला तर कूस बदलून झोपा. कुणाचं तरी लेकरू कुठेतरी काळोखात उठत असेल. त्याला सकाळ झाल्याचं कुणीतरी सांगायला नको?

ती बघा, पायवाटेने आली शेवंती. सरा बाजूला, मला मान ताणू द्या.