गोळीशिवायची पात

"थुंक! आधी ती गोळी थुंक म्हणते ना!"

थोरलीनं धाकट्या जावेचा जबडाच धरला. धाकटीनं गोळी जिभेवर ठेवली होती, घोट घ्यायचा तेवढा राहिला होता. सकाळची वेळ, गाजराच्या पाल्यावर दव तसंच, आणि ह्या दोघी बांधावर एकमेकींना झोंबलेल्या. टोळीतल्या बायका खुरपी हातात धरून बघत राहिल्या. शेवटी गोळी मातीत पडली आणि थोरलीनं ती टाचेखाली रगडली.

"जाऊबाई, चारचौघींत लाज काढलीत माझी!" धाकटी तोंड पुसत म्हणाली.

"लाज गेली तर परत येईल. जीव गेला तर येईल का?"

"ए म्होरकी, काय तमाशा लावलाय?" मुकादम गोळ्यांची पट्टी हातात घेऊन पुढं आला. "मी काय विष वाटतो का? कुणाची कंबर धरू नये म्हणून आणतो. करावं भलं तर म्हणे माझंच खरं!"

तसं म्हटलं तर माणूस वाईट नव्हता. रोज सकाळी तो एकेकीच्या तळहातावर एकेक गोळी ठेवायचा, दुपारी भाकरीनंतर दुसरी. दुखायला लागल्यावर औषध घेतात हे सगळ्या जगाला ठाऊक. पण ह्या टोळीचं शहाणपण जगावेगळं. ह्या बाया दुखायच्या आधीच गोळी गिळायच्या, तीही चहाच्या घोटावर, उपाशी पोटी. वर दिवसभर पाण्याला शिवायच्या नाहीत. पाणी प्यायलं की बांधाआड जावं लागतं, बांधाआड गेलं की पात, म्हणजे आपल्या वाट्याची खुरपायची ओळ, मागं राहते, आणि पात मागं राहिली की टोळीतली जागा जाते. असं त्यांचं गणित होतं. मेलं कुणी घालून दिलं कुणास ठाऊक!

धाकटी त्या गणितानंच मरायला टेकली होती. चार घास पोटात ठरत नव्हते, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी. लघवी दिवसातून एकदा, तीही काळ्या चहासारखी. आदल्या दिवशी थोरलीनं तिला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि भडकल्याच.

"ह्या गोळ्या रोज? आणि पाणी नाही? अगं, मूत्रपिंडं सुकवायला निघालीस तू! अजून वेळ गेलेली नाही. गोळी बंद, पाणी पी, घरी पड. उद्या संध्याकाळपर्यंत मोकळी लघवी झाली नाही, तर मोठ्या दवाखान्यात न्यायचं. पुढं मशीनवर रक्त धुवायची पाळी येईल."

घरी पड म्हणे! धाकटी सकाळी सगळ्यांच्या आधी खुरपं घेऊन दारात उभी. जागा गेली तर परत कोण घेणार, हा एकच घोर. थोरलीनं समजावलं, शिव्या दिल्या, कपाळाला हात लावला. पण ही कसली ऐकते! मग थोरलीनं मनाशी ठरवलं. येते म्हणते ना? येऊ दे. पण आज टोळी माझ्या चालीनं चालेल.

कारण म्होरकी थोरली होती. खुरपणीत पहिली पात म्होरकीची. बाकीच्या तिच्या बाजूला एकीमागं एक तिरक्या रांगेत बसतात, आणि काही झालं तरी म्होरकीच्या पुढं कुणी सरकत नाही. सरकली तर ती टोळीची उरत नाही. हा रिवाज मुकादमाच्याही आधीचा.

थोरलीनं धाकटीला आपल्या लगत बसवलं, पाण्याची कळशी दोघींच्या मधे ठेवली आणि खुरपं मातीत घातलं. स्वतःची गोळी तिनं घेतलीच नव्हती.

आणि मग तिला कळलं, आपल्याला गुडघे आहेत. बापरे, काय ते गुडघे! ऊन वर आलं तसं एकेक हाड आपापली तक्रार घेऊन पुढं आलं. माती वरून भुसभुशीत, खाली चिवट, लव्हाळ्याची गाठ काही सुटेना. इतकी वर्षं हे सगळं अंगातच होतं आणि एवढीशी गोळी त्याच्या तोंडावर हात दाबून बसली होती! थोरलीला रडू आलं आणि रागही आला. तिनं ओठ आवळले आणि देह म्हणेल तेवढीच पुढं सरकली.

"काय गं म्होरकी, मुंग्या मोजतेस का?" मागून वादळ ओरडली. टोळीतली सगळ्यात चपळ बाई, म्हणून तिला वादळ म्हणायचे. "आम्हाला संध्याकाळी घरी जायचंय!"

"जाशील. दोन पायांनी जाशील," थोरली म्हणाली. "पी गं पाणी," हे धाकटीला.

"नको जाऊबाई, उठावं लागेल."

"तर ऊठ! पी म्हणते ना!"

धाकटी भीतभीत दोन घोट प्यायची आणि मुकादमाकडं बघायची. दुपारपर्यंत नेहमीच्या निम्मंही रान झालं नाही. मुकादम बांधावरून नुसता येरझाऱ्या घालत होता.

"वाफसा चाललाय!" तो कडाडला. "ओल उडाली की उद्या ही माती दगड होईल, खुरपं शिरायचं नाही. मळेवाल्याला मी काय तोंड दाखवू? वादळ, उद्यापासून म्होरकी तू! आणि ह्या धाकटीनं घरी बसावं."

धाकटीचं तोंड पांढरं पडलं. थोरली उठली. उठताना कंबर धरावी लागली, पण उठली.

"घे म्होरकेपण," ती वादळला म्हणाली. "खुशाल घे. पण ती दुपारची गोळी न खाता माझ्या पुढं जाऊन दाखव. मग मी तुझ्या शेवटच्या पातीला बसेन."

"म्हणजे? मला काय गोळीचं बळ आहे होय?"

"ते आज कळेल की."

झालं, वादळला मिरची झोंबली. तिनं गोळी मुकादमाच्या हातावर परत ठेवली. बाकीच्याही हसत, एकमेकींना कोपरानं ढोसत नको म्हणाल्या. कोण कुणापेक्षा कमी?

भाकरीनंतर वादळ सुसाट सुटली. थोड्या वेळानं तिचा वेग उतरला. उन्हं कलली तशी तिनं खुरपं खाली टेकलं आणि ती मटकन मातीत बसली.

"अगं बाई," ती कंबर दाबत म्हणाली, "ही माझीच का गं कंबर? एवढी दुखती आणि मला पत्ताच नाही!" आधी हसली, मग हसता हसता डोळ्यांना पदर लावला. कुणी तिला चिडवलं नाही. ज्या त्या बाईला आपापलं हाड सापडलं होतं.

मुकादम धावत आला. "उठा! अजून एवढं रान पडलंय!"

"पडू दे," वादळ म्हणाली. "रानाला पाणी द्या आणि पुन्हा वाफशावर बोलवा. आम्ही काय लोखंडाच्या आहोत?"

"दुसरी टोळी आणीन!"

"आणा की! तिला गुडघे नसतील तर बघा."

तेवढ्यात धाकटी चुळबुळ करायला लागली. थोरलीकडं बघून हळूच म्हणाली, "जाऊबाई, मला... जावंसं वाटतंय. पण माझी पात..."

"जा," थोरली म्हणाली. आणि तिनं खुरपं मातीत उभं खोचून हात मांडीवर घेतले. म्होरकी थांबली. तिच्या बाजूची थांबली, तिच्यामागची थांबली, शेवटी वादळनंही खुरपं खाली ठेवलं. अख्खी रांग तिथल्या तिथं बसून राहिली.

"आता काय झालं?" मुकादमानं विचारलं.

"बाई मुतायला गेलीय," थोरली भर रानात मोठ्यानं म्हणाली. "ती आल्याशिवाय पात हलणार नाही."

मुकादम लाजेनं पाठ फिरवून उभा राहिला. रानात नुसता वारा. थोरलीचा जीव सगळा कानांत आलेला. दवाखाना, मशीन, दिराचं तोंड, सगळं डोळ्यांपुढून गेलं. एवढा वेळ का लागतोय हिला?

"झाली का गं?" तिला राहवेना.

 बांधाआडून धाकटीचा आवाज आला, रडका आणि खणखणीत.

"अजून होतीय, जाऊबाई!"

"होऊ दे!" वादळ ओरडली. "सावकाश होऊ दे! आम्ही बसलोय!"