स्तोत्राची बारावी ओळ

मी एक जुना, तळहाताएवढा कातड्याचा तुकडा आहे, मित्रांनो. काचेखाली आडवा पडून असतो. मला पाहिलेत तर करपलेले काहीतरी जपून ठेवले आहे, असेच तुम्हाला वाटेल.

फार फार वर्षांपूर्वी मी एका बकरीच्या पाठीवर होतो. माझे केस काढले, मला ताणून बांधले, घासून गुळगुळीत केले. मग एका लेखनिकाने माझ्यावर एक स्तोत्र उतरवले. देवाचे नाव आले की तो लेखणी खाली ठेवी, हात धुवी आणि मगच पुढे लिही. पुढे कुणीतरी मला मडक्यात घालून गुहेत ठेवले. तिथे किती पिढ्या गेल्या, देव जाणे.

बाहेर आलो तेव्हा मला दोन ठिकाणी चिरा गेल्या होत्या. मला विद्यापीठात आणले आणि जुन्या धर्मग्रंथांच्या एका अभ्यासकाच्या हवाली केले. सगळे त्यांना सर म्हणत. ते स्तोत्र त्यांना पाठ होते. जगातल्या साऱ्या प्रतींत त्याच्या अकराच ओळी आहेत. माझ्यावर बारा होत्या. सरांनी भिंगातून मोजल्या, पुन्हा मोजल्या. बाराच भरल्या.

बारावी ओळ नेमकी चिरेवर होती. तेव्हा पारदर्शक चिकटपट्टी नवीनच निघाली होती. सरांनी ती हलक्या हाताने माझ्यावर चिकटवली. आलागेला म्हणे, असा सांधा शिंप्यालाही जमायचा नाही. मलाही बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

मग त्यांनी मला खणात कुलूपबंद केले. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका बाईंनी मला पाहण्यासाठी तीनदा पत्र लिहिले. शेवटी त्या स्वतःच आल्या. निदान फोटो तरी काढू द्या, म्हणाल्या.

"आधी माझा ग्रंथ होऊ द्या, बाई," सर म्हणाले. "फोटो नेलात की तुमचाच आधी छापून येईल. मी काही दूधखुळा नाही. आणि पान कुठं पळून जातंय?"

बाई चहाही न घेता गेल्या. पुढच्या वर्षी त्या वारल्याचे पत्र आले. सर बराच वेळ ते हातात धरून बसले. खण मात्र उघडला नाही.

सव्वीस वर्षे गेली. अकरा ओळींवर चारशे पाने झाली. मग सरांची दृष्टी अधू झाली आणि त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थिनीला बोलावले. ती आता जुनी पाने दुरुस्त करण्यात वाकबगार होती. तिने खण उघडला. पट्टीचा गोंद माझ्यात मुरून काळा पडला होता. त्याच्याखाली कातडे विरघळून गेले होते. अकरा दिवस ती बारीक सुरीने तो काढत राहिली. निरनिराळ्या दिव्यांखाली मला धरून पाहिले. वरच्या ओळी वाचता आल्या. बारावीच्या जागी नुसता काळोख होता.

"सर, तुमच्या वहीत उतरवून ठेवली असेल ना?"

सरांनी वही तिच्याकडे सरकवली. अकरा ओळी सुबक अक्षरात होत्या. बाराव्या आकड्यापुढे एवढेच होते: निवांत वाचावी.

"अवघड होती," ते म्हणाले. "घाईनं वाचून चूक नको म्हटलं. आपल्याच खणात तर आहे. तुला काहीच दिसत नाही का गं, पोरी?"

"नाही, सर."

माझ्याकडे बघू नका, मित्रांनो. माझ्यावर लिहिलेले मला वाचता येत नाही. लिहिणाऱ्याने देवाला शेवटी काय सांगितले होते, ते आता पृथ्वीवर कुणालाच ठाऊक नाही.

विद्यार्थिनी माझ्या काचेवर लावायची चिठ्ठी लिहू लागली. बारावी ओळ काळाच्या ओघात नष्ट, असे तिने लिहिले. सरांनी ते तिच्याकडून वाचून घेतले आणि नकारार्थी मान हलवली.

"काळावर कशाला ढकलतेस? पट्टी मी लावली, असं लिही. बाईंना पाहू दिलं नाही, तेही लिही."

तिने लिहिले. ती चिठ्ठी आजही माझ्या काचेवर आहे. येणारे लोक आधी ती वाचतात, मग मला पाहतात आणि हळू आवाजात बोलू लागतात.

मित्रांनो, तुमच्या हाती कधी असे काही आले, तर जे पुन्हा सोडवता येणार नाही ते त्याला चिकटवू नका. आणि वाचायला कुणी दारात आले, तर त्याला आत घ्या. माझ्यावर प्रेम करणारेच माझ्या जवळ होते. तरीही असे झाले.