दोन कानांची कढई

भांडण विहिरीवरच्या मोटारीचं होतं, वाटणी मात्र भांड्यांची झाली. थोरल्याचं म्हणणं, त्या दिवशी पाण्याची पाळी त्याची होती. धाकट्याचं म्हणणं, पाळी त्याचीच होती आणि दादाला वार कळत नाहीत. वार कळत नाहीत हा शब्द थोरल्याला फार लागला. दोघं भाऊ शेतावरून घरी आले ते वेगवेगळ्या वाटांनी, आणि दिवेलागणीच्या आत वेगळं व्हायचं ठरूनही गेलं. जमिनी बापानं जाताना वाटून दिल्याच होत्या. राहिलं होतं घर आणि घरातली चूल. घराच्या मधोमध पत्रे उभे केले. चूल काही पत्र्यानं कापता येईना, म्हणून धाकट्यानं पलीकडे दुसरी घातली.

आमचं परस त्यांच्या परसाला लागून आहे. त्यामुळे पुढचं सगळं आम्हाला जागचं न हलता दिसलं.

भांडी वाटायला थोरल्यानं बाजारातला मापाडी बोलावला, काट्यासकट. भावांचा एकमेकांवर विश्वास उरला नव्हता, तेव्हा वाटणी वजनावर व्हावी हे दोघांनाही पटलं. मापाड्यानं अंगणातल्या झाडाला काटा टांगला आणि एका पारड्यात बिडाची कढई ठेवली. ती तोलायला दुसऱ्या पारड्यात तो जर्मनची पातेली रचत गेला. ॲल्युमिनियमला आमच्याकडे अजून जर्मनच म्हणतात. घरातलं सगळं जर्मन संपलं तरी कढईचं पारडं जमिनीला टेकलेलंच. मापाडी म्हणाला की असं वाटलं तर एका घरात एक कढई जाईल आणि दुसऱ्या घरात बाकीचा सगळा संसार. भावांना त्यात काही वावगं दिसलं नाही. फक्त कढई कोणी घ्यायची एवढ्यावरून त्यांची नव्यानं जुंपली.

इतका वेळ दोघी जावा ओट्यावर बसून होत्या. थोरली उठली.

"तुम्ही दोघं बाहेर जा," ती म्हणाली. "आमचं आम्ही बघतो."

बघायला फार वेळ लागला नाही. खरं तर ही वाटणी त्या दोघींच्या मनात कधीचीच झालेली होती. थोरलीचा जीव लोखंडात आणि बिडात. तवा लोखंडाचा, कढई बिडाची, आमटीला मातीचं मडकं, आणि सगळं मंद जाळावर. घाईनं शिजवलेलं तिला जेवण वाटायचंच नाही. धाकटी लग्न होऊन आली ती स्टीलची आणि जर्मनची भांडी घेऊन. हलकी, लखलखीत, चुलीवर ठेवली की उकळलीच. बिडाला काळं खरकटं म्हणायची. थोरली तिच्या पातेल्यांना डबे म्हणायची. तोंडावर कधीच नाही. आम्हाला सांगायची, आणि धाकटीही आम्हालाच सांगायची.

तेव्हा थोरलीनं बीड, लोखंड आणि माती घेतली, धाकटीनं स्टील आणि जर्मन. सासूच्या वेळचं पितळी पातेलं तेवढं उरलं. त्याला कल्हई कोण लावत बसणार, म्हणून दोघींनाही ते नको होतं. ते कोंबड्यांच्या पाण्याला ठेवलं. मापाडी काटा खांद्यावर टाकून गेला. दोघी आपापल्या चुलीपाशी गेल्या आणि आम्हाला वाटलं, चला, या घरात एकदाचं कुणीतरी सुखी झालं.

काही आठवडे होत्याही सुखी. मग हळूहळू पत्र्याच्या अलीकडून आणि पलीकडून वेगवेगळे वास येऊ लागले.

पलीकडून करपल्याचा यायचा. धाकटीची पातेली बुडाला पातळ. जरा नजर हलली की खालचं काळं, वरचं कच्चं. इतकी वर्षं तिनं याच पातेल्यांत रांधलं होतं आणि कधी करपलं नव्हतं. आता रोज का करपतंय, हे तिला कळेना. दुकानदारानंच फसवलं असणार, असं तिनं आम्हाला सांगितलं. पातेली जुनीच होती हे आम्ही तिला सांगितलं नाही. खरं असं होतं की एकत्र असताना ती पातेलं चढवून गोठ्यात जायची, पाण्याला जायची, आणि इकडे थोरली न सांगता उठून त्याच्याखालचं एक लाकूड मागे ओढायची. हे काम कुणी तिला दिलेलं नव्हतं आणि आमच्याशिवाय कुणी पाहिलेलंही नव्हतं.

अलीकडून वास चांगला यायचा, पण उशिरा यायचा आणि थोडाच यायचा. थोरलीचं उजवं मनगट फार पूर्वी विहिरीच्या पायरीवर पडून मोडलेलं. बसवलं ते वाकडंच बसलं. भरली कढई तिच्यानं चुलीवरून उतरत नसे. इतकी वर्षं ती उतरवायची धाकटी. दोन फडकी घ्यायची, कढई खाली ठेवायची आणि आपल्या कामाला लागायची. आता थोरली कढईत अर्धंच शिजवायची. नवरा दुसऱ्यांदा ताट पुढे करी तेव्हा ती मडक्याकडे बघे. जेवण कमी का पडतं, हे त्यानं विचारलं नाही. वेगळं झाल्यावर सगळंच कमी पडतं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

अशात कांदा काढणीला आला.

दोन्ही भावांचे कांदे एकाच बांधाच्या दोन बाजूंना, एकाच आठवड्यात तयार झाले. आभाळ रोज दुपारी भरून यायचं आणि संध्याकाळी न पडता निघून जायचं. भिजला असता तर सगळा कांदा जमिनीतच सडला असता. दोघांनी काढणीला बायका सांगितल्या, अर्थात वेगवेगळ्या जाऊन. पण गावात काढणीची टोळी एकच. तिची मुकादमीण रुंद हाडाची, तोंडानं फटकळ. तिची अट जुनीच होती: दुपारचं जेवण शेतमालकाचं. तिनं टोळी अर्धी अर्धी केली आणि दोन्ही शेतांत घातली.

पहिल्या दिवशी थोरलीचं जेवण उन्हं कलल्यावर पोचलं. चव अशी की बायका बोटं चाटत बसल्या, पण चाटायला बोटंच जास्त होती. धाकटीचं जेवण वेळेवर आलं, भरपूर आलं, आणि बांधावरच्या कुत्र्यानं ते हुंगून सोडून दिलं. संध्याकाळी मुकादमीण दोन्ही दारांत जाऊन सारखंच बोलली. उद्याचा दिवस बघेन, म्हणाली, मग नदीपलीकडच्या मळ्यात जाईन. तिकडं निदान धड पोट भरतं.

दोन्ही नवऱ्यांनी आपापल्या बायकोला सुनावलं. थोरला म्हणाला, जास्त शिजव. धाकटा म्हणाला, नीट शिजव.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीनं कढई काठोकाठ भरली. शिजलं छान. उतरवायची वेळ आली. नवरा शेतात, आम्ही आमच्या अंगणात. मला हाक मारली असती तर मी गेले असते, पण तिनं नाही मारली. तिनं फडकी घेतली, गुडघा चुलीच्या दगडाला टेकवला आणि कढई आपल्याकडे ओढली. मनगटानं दगा दिला. कढई दगडावर आदळून कलंडली, निम्मं कालवण राखेत गेलं आणि उरलेलं तिच्या पायावर.

ती ओरडली नाही. कढईचा आवाज मात्र झाला. मी कुंपणापाशी पोचले तेवढ्यात पत्र्याच्या पलीकडून धाकटी धावत आली, ओल्या हातांनी, पदर तसाच खोचलेला. तिनं कोंबड्यांचं पितळी पातेलं उचललं आणि त्यातलं सगळं पाणी जावेच्या पायावर ओतलं. मग हंड्यातलं आणून ओतलं. बराच वेळ ओतत राहिली. थोरली भिंतीला टेकून आपल्या पायाकडे नाही, राखेकडे बघत होती.

"सगळं गेलं," ती म्हणाली.

"माझ्याकडचं आहे की," धाकटी म्हणाली. मग हंडा खाली ठेवत म्हणाली, "पण ते करपलंय."

"कशानं?"

"मला नाही कळत. तुम्हीच या आणि बघा."

थोरली लंगडत पलीकडे गेली. पत्रे लागल्यापासून पहिल्यांदाच. आत काय झालं ते मला दिसलं नाही, पण थोड्या वेळानं करपल्याचा वास बंद झाला. त्या दिवशी दोन्ही शेतांत एकच जेवण गेलं, आणि ते वेळेवर गेलं.

तिसऱ्या दिवसापासून त्यांनी घरी रांधणंच सोडलं. दोन शेतांमधल्या बांधावर तीन दगड मांडले आणि तिथंच चूल पेटवली. थोरली पायाला ओलं फडकं गुंडाळून जाळापाशी बसायची. लाकूड पुढे सारायची, मागे ओढायची, एवढंच. धाकटी चिरायची, ढवळायची, उचलायची, उतरवायची. कढईला काठापासून खाली तडा गेला होता, म्हणून शिजायचं ते धाकटीच्या जर्मनच्या पातेल्यातच. थोरलीच्या नजरेखाली त्या पातळ पातेल्याची काही बिशाद नव्हती. मुकादमीण दोनदा मागून घेऊन जेवली आणि नदीपलीकडचा विषय निघाला नाही.

भावांनाही तिथंच जेवावं लागलं, कारण घरी चूलच पेटत नव्हती. थोरला बांधाच्या अलीकडे बसायचा, धाकटा पलीकडे, पाठीला पाठ लावून. दोघांच्या ताटांत एकाच पळीनं वाढलं जायचं. कांदा कोरडा घरात आला. पाऊस नंतर आला आणि त्याला भिजवायला नुसतं रान मिळालं.

काढणी उरकल्यावर नवी कढई घ्यायला दोघी जावा तालुक्याला निघाल्या. मलाही बरोबर घेतलं. मी मधे असले की त्यांना बोलायला सोपं जातं.

भांड्यांचं दुकान जमिनीपासून आढ्यापर्यंत भरलेलं. दुकानदारानं आधी काळ्या मुलाम्याची तकाकणारी भांडी काढली. यात तेलाचा थेंबही लागत नाही, म्हणाला. थोरलीनं नखानं ओरखडून पाहिलं आणि नख न्याहाळलं. दुकानदारानं ते उचलून ठेवलं. मग स्टीलची आली, जाड बुडाची. थोरलीनं त्यातलं एक डाव्या हातानं उचललं, वरखाली केलं आणि धाकटीपुढे ठेवलं.

"हे घे. हलकं आहे."

धाकटीनं त्याच्या बुडावरून बोट फिरवलं. तिची आवड सगळ्या दुकानादेखत तिच्यापुढे ठेवली गेली होती. मला वाटलं, झालं काम, आता बसची वेळ गाठू.

"नको," धाकटी म्हणाली. "बिडाचीच घेऊ. यात तुमच्यासारखं होत नाही."

"मला आता बीड उचलवत नाही गं."

"उचलायला मी आहे ना."

थोरलीनं तिच्याकडे बघितलं नाही. दुकानदाराला म्हणाली, बिडाच्या दाखवा.

बिडाच्या लहान कढया संपल्या होत्या. आत, पोत्याखाली एक मोठी होती. खोल, जाड, दोन्ही बाजूंना दोन कान. कुठल्याशा खानावळीनं मागवली आणि नेलीच नाही, म्हणून वर्षानुवर्षं पडून होती. दुकानदार म्हणाला, घरच्या चुलीसाठी फारच मोठी होईल. थोरलीनं बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक केली. आवाज घुमला. तिनं मान हलवली. धाकटीनं पदर खोचला आणि उचलायला गेली. कढई हलली, उठली नाही. तिनं पाय फाकवून पुन्हा धरली. पुन्हा तेच.

"एकटीचं काम नाही ते," दुकानदार म्हणाला. "दोन कान उगाच नाहीत."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि थोरलीनं कमरेची पिशवी सोडली.

बसमध्ये कढई चढवायला कंडक्टर आणि आणखी एक माणूस लागला. वाटेत दोघींनी आपापल्या नवऱ्याला फोन केला. दोघी एकच बोलल्या: सामान जड आहे, फाट्यावर या. आणखी कोण येणार आहे, हे सांगायचं दोघीही विसरल्या.

फाट्यावर दोघं भाऊ रस्त्याच्या दोन कडांना उभे होते. कंडक्टरनं कढई मधे ठेवली आणि घंटी दिली. गाडी पुढे निघून गेली. चिखलानं रस्ता असा झाला होता की बैलगाडीचाही उपयोग नव्हता. दोघी भाजीच्या पिशव्या घेऊन चालू लागल्या, मीही त्यांच्या मागे निघाले. वळणावर मी एकदा मागे बघितलं. दोघं कढईकडे बघत होते. मग थोरला एका कानाशी वाकला, आणि जरा वेळानं धाकटा दुसऱ्या.

गावातून ते दोघं आले तेव्हा लोक दारांत उभे राहिले. कढई मधे, भाऊ दोन बाजूंना, पावलाला पाऊल जुळवत. पाऊल चुकलं की कढई नडगीवर आपटायची, म्हणून चुकवायची सोय नव्हती. पिठाच्या गिरणीपाशी थोरला म्हणाला, "टेकव. हात बदलू." धाकट्यानं टेकवली. बाजू बदलून त्यांनी पुन्हा उचलली. गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

घरापुढे येऊन मात्र दोघं अडले. दारं दोन होती. थोरला आपल्या दाराकडे थोडा कलला, धाकटा आपल्या. कढई मधे लोंबत राहिली. तेवढ्यात परसातून थोरलीची हाक आली, "मागून आणा."

मागे पत्रे संपतात तिथं, आमच्या कुंपणाशी, दोघींनी नवी चूल मांडून ठेवली होती. सकाळी निघायच्या आधीच मांडली असणार, माती वाळली होती. भाऊ घराला वळसा घालून निघाले. बोळ अरुंद आणि निसरडा. थोरला पुढे होता, पाठमोरा चालत, खाली बघत.

"दगड आहे," तो म्हणाला.

"दिसतोय," धाकटा म्हणाला.