उजव्या कुशीवर

माझी धाकटी जाऊ डॉक्टर आहे, हे आमच्या घरात दिवसातून चार वेळा कुणी ना कुणी सांगतं. तिच्याच हॉस्पिटलात मी पंधरा वर्षं हृदयाचा इको काढतेय, हे मात्र कुणाला सांगावंसं वाटत नाही. ती लग्न होऊन आली आणि सहा महिन्यांत सासूबाई साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा तिलाच विचारून घ्यायला लागल्या. जळते मी. उगाच कशाला लपवू?

सासऱ्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. जावेनं त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, मग मानेला. म्हणाली, "आवाज पार मानेपर्यंत येतोय. वयामुळे कॅल्शियम साचून झडप आकसली असणार. ताई, इको काढता का?"

काढला. डाव्या कुशीवर झोपवून झडपेतून सुटणाऱ्या रक्ताचा वेग मोजला. सेकंदाला तीन मीटर, म्हणजे आजार मध्यम. चारच्या वर गेला की झडप बदलण्याची वेळ येते.

"एकदा उजव्या बाजूनंही बघता? आवाजावरून जास्त वाटतंय."

बरोबर होतं तिचं. रक्ताची धार तिरकी असली की वेग कमी दिसतो, म्हणून पेशंटला उजव्या कुशीवर वळवून, छातीवर टेकवायच्या लहान प्रोबनं पुन्हा मोजायचं असतं. नव्या मुलींना हे मीच शिकवते. पण आता ही मला सांगणार? "इको तू मला शिकवू नकोस," म्हणाले, आणि 'मध्यम' लिहून सही ठोकली.

चौथ्या दिवशी सासरे चक्कर येऊन जिन्यातच कोसळले.

या वेळी कुणी सांगायची वाट न बघता मी त्यांना उजव्या कुशीवर वळवलं. चार पूर्णांक सात. जाऊ त्यांचा शर्ट हातात घेऊन शेजारीच उभी होती. आकडा तिनंही पाहिला.

"काय निघालं गं?" सासऱ्यांनी विचारलं.

"झडप फार अरुंद झालीय, बाबा. बदलावी लागेल."

"तुझ्या हातून वेळेवर सापडलं, बरं झालं. डॉक्टर काय, ढीगभर असतात. याला अनुभव लागतो."

हे ऐकायला मी पंधरा वर्षं थांबले होते. "हो, बाबा," म्हणाले.

जावेनं त्यांच्या छातीवरचं जेल पुसलं, हळूच उठवून बसवलं आणि शर्टाची बटणं लावली. तिच्या जागी मी असते तर गप्प बसले नसते, आणि हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.