खिडकीसमोरचा कॅमेरा

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलं की अर्धी गोष्ट खांबालाच ऐकू जाते. आज सांगायची आहे ती एका रफूच्या दुकानात भरदिवसा झालेल्या चमत्काराची.

दुपारचे चार. दुकानाच्या पायरीवर मुंगीला शिरायला वाव नाही. माणसं गाठोडी काखोटीला मारून काउंटरवरच्या टीव्हीकडे टक लावून उभी. नव्या कॅमेऱ्याचं चित्र त्यावर दिसत होतं: खिडकीशी बसलेली रफूवाली मावशी, आणि चेहऱ्याच्या जागी नुसतं काळं. ना डोळे, ना नाक. भोवती मात्र झगझगीत कडा.

“पाहिलंत?” खुर्ची टाकून बसलेले दृष्टीमहाराज नावाचे बुवा म्हणाले. “यंत्राला लाच चालत नाही. ज्याचं मन काळं, त्याचा चेहरा ते काळा दाखवतं.”

मालकाने टीव्हीवरून नजर काढून मावशीकडे पाहिलं. रफूला आलेली एक शाल हरवून आठवडा झाला होता, आणि देणाऱ्या बाईंच्या आईची ती शेवटची आठवण होती. म्हणून तर त्याने कॅमेरा आणला. पण तो कुठे लावायचा हे ठरवायला बोलावलं महाराजांना! महाराजांनी दोऱ्याला तांब्याचा लंबक टांगून दुकानभर मिरवला. भिंतींना नाडी असते, चुकीच्या भिंतीवर कॅमेऱ्याला अपचन होतं, असं बरंच ज्ञान पाजळलं, आणि खिडकीसमोरच्या भिंतीपाशी लंबक गरगरा फिरला. कपडे दारातून येतात-जातात, तर दारच दिसू द्या, असं वायरमन म्हणत होता. त्याला खिळे ठोकायला सांगून गप्प केलं. तपासाची वेळही महाराजांनीच काढून दिली.

मावशी वीस वर्षं त्याच स्टुलावर बसत होती. तिने बुजवलेलं भोक कोटाच्या धन्यालाही सापडत नसे. तिने सुई उशीत टोचली, चष्मा पुसला.

“मालक, उद्यापासून येऊ नको का?”

मालकाने महाराजांकडे पाहिलं.

गर्दीत शेजारची फोटोवाली ताई होती. तिने एकदा टीव्हीकडे, एकदा खिडकीकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. महाराजांनीच घडीभर त्या स्टुलावर बसावं, अशी तिने विनंती केली. आम्ही आसन बदलत नाही, असं उत्तर आलं.

“मग दादा, तुम्ही बसा.”

मालक बसला, आणि पायरीवर हशा पिकला. त्याने मान वळवून टीव्ही पाहिला: स्वतःच्याच कॉलरवर कोळशाचं ढेकूळ.

“आता काय, शाल दादांनी नेली?” म्हणत ताईने खिडकीचा जाड पडदा ओढला. लगेच मालकाचा चेहरा उमटला, घाबरलेल्या मिशीसकट.

“पडद्याने पाप झाकलं जातं,” महाराज पुटपुटले.

“मग सोपंच झालं,” मावशी म्हणाली. “सगळ्यांना एकेक शिवून देते.”

ताईने मग समजावून सांगितलं. रफूला उजेड खांद्यावरून कापडावर पडावा लागतो, म्हणून मावशी खिडकीला पाठ करून बसते. चार वाजता तिथून थेट ऊन येतं. कॅमेरा उजेडाकडे तोंड करून टांगला, की तो झगझगाट आवरायला सगळं चित्र अंधारं करतो, आणि पुढचं माणूस त्यात बुडतं. मग तिथे चोर बसो की साधू. हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्यांचा लंबक नेमका तिथेच फिरला.

ऐकता ऐकता लोकांनी वळून पाहिलं, तर महाराज पसार. लंबक तेवढा खुर्चीवर राहिला होता.

वायरमनने कॅमेरा काढून खिडकीला पाठ करून लावला. आता काउंटर आणि दार दोन्ही दिसू लागली. दुसऱ्याच दिवशी त्यात सापडला, तो चोर नव्हे, खुद्द मालक: गप्पांच्या नादात, नावांच्या चिठ्ठ्या न वाचता, दोन गिऱ्हाइकांचे कपडे एकाच कागदात बांधताना. त्याने कपाळावर हात मारला आणि शाल हरवली त्या दिवशीच्या गिऱ्हाइकांची दारं ठोठावत निघाला. तिसऱ्या घरी, कपाटात, न सोडलेल्या पुडक्यात शाल मिळाली.

तसाच तो मावशीच्या दारी गेला. चुकलं म्हणाला.

“शालीचं भोक दोन तासांत बुजतं, मालक,” ती म्हणाली. “याला दिवस लागतील. उद्या येते.”

बाबांनो, देवाने डोळे दिले ते पाहायला आणि बुद्धी दिली ती पाहिलेलं तपासायला. तो काही भिंतीवर बसून चुगल्या करत नाही. कॅमेरा येण्याजाण्याच्या वाटेवर लावा, उजेड त्याच्या पाठीशी ठेवा, आणि कुणाला चोर ठरवण्याआधी त्याच्या जागी स्वतः बसून पाहा. एवढं करा, आणि देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या मावशीचीही आठवण काढा.