सोनूकाकीच्या चटणीचं बारसं

"मॅडम, तुमच्या घरी कुठल्या कंपनीचं कोलगेट आणतात?"

पैज बाकावरच्या मैत्रिणीनं, प्राप्तीनं लावली होती, आणि पैज म्हटल्यावर कल्पिता मागं हटते होय? दहावीचा अख्खा वर्ग खी खी करून हसला. गेल्या वर्षी हजेरीलासुद्धा पुटपुटणारी पोर ती हीच का, म्हणून मुख्याध्यापक चष्म्यावरून बघतच राहिले. ट्रेडमार्कवर बोलायला आलेल्या वकीलबाई मात्र एकदम खूश!

"शाब्बास! हेच तर सांगायला आलेय. एका कंपनीचं नाव आपण सगळ्याच टूथपेस्टला देऊन टाकतो. नाव असं फार गाजलं, की मालकाच्या हातून निसटायची भीती. आणि गंमत म्हणजे पुष्कळदा पहिली चूक मालकच करतो, नावापुढं वस्तूचं नाव जोडायचं सोडून देतो."

कल्पिता हसता हसता थबकली. अगं बाई, डोलकाठी!

आईच्या जवळ्याच्या चटणीला ते नाव तिनंच शोधून दिलं होतं. आता काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटक नाव घेऊन बरण्या मागत. पण परवाच त्यांच्या शेजारच्या टपरीवरून सोनूकाकी ओरडत होती, "माझी डोलकाठी खाऊन बघा, लय झणझणीत हाय!"

शाळा सुटली तशी कल्पिता थेट टपरीवर.

"काकी, डोलकाठी आमची ना गं?"

"तुमची ती तुमची, माझी ती माझी," काकी भाबडेपणानं म्हणाली. "जवळ्याच्या चटणीला डोलकाठीच बोलतात ना? तुझी आयच तर बोलते!"

घरात पाऊल टाकलं तोच आईची हाक, "कल्पे, जवळा भाजून झालाय, डोलकाठी वाटायला घे!" ओटीवर बाबा फोनवर गिऱ्हाइकाला सांगत होते, "डोलकाठी काय, सगळीकडं मिळते हो, पण आमची चव न्यारी!"

घ्या! चोर घरातच.

तिनं एका दमात सगळं सांगितलं. बाबांचा चेहरा उतरला. "मग ट्रेडमार्कच्या नोंदणीआधी नावच बदलूया? का सोनूला दम देऊ?"

"दम? तिच्या चटणीला स्वतःचं नाव नाही, म्हणून बिचारी आपलं घेते!" कल्पिता टुणकन पाटावर चढली. "ऐका दोघं, माझा निर्णय झालाय. नोंदणी डोलकाठीचीच होणार. आजपासून घरात 'डोलकाठी चटणी' असं पुरतं म्हणायचं, चुकेल त्यानं लसूण सोलायची. आणि येत्या रविवारी सोनूकाकीच्या चटणीचं बारसं! आत्या मी. बरणीच्या कानात कुर्र मीच करणार, पाठीत धपाटेही मीच खाणार. आई, घुगऱ्या तेवढ्या तू कर!"